पांढऱ्या पडद्यामागे

दुव्यावर बोट टेकते आणि पडदा पांढरा होतो. पाहणाऱ्याला वाटते, काहीच घडत नाही. प्रत्यक्षात ब्राउझर डीएनएसकडून, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेकडून, सर्व्हरचा (पान जिथे ठेवलेले असते त्या संगणकाचा) पत्ता मिळवतो, त्याच्याशी जोडणी करतो, ती सुरक्षित करून घेतो आणि मगच पान मागतो. प्रकाशीय तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. त्यामुळे १०,००० किलोमीटरवरच्या सर्व्हरकडे जाऊन येण्यास किमान १०० मिलिसेकंद लागतातच, आणि पहिले अक्षर हाती येण्यापूर्वी अशा तीन फेऱ्या सहज होतात. प्रकाशाचा वेग कोणालाच वाढवता येत नाही. म्हणूनच सीडीएन, म्हणजे ठिकठिकाणी पसरलेल्या सर्व्हरचे जाळे, पानाच्या प्रती वाचकाजवळच्या सर्व्हरवर ठेवते, आणि २०२२ मध्ये प्रमाणित झालेला एचटीटीपी/३ हा पाने मागवण्याचा संकेत जोडणी व सुरक्षा ही दोन्ही कामे एकाच फेरीत उरकतो.

आता ब्राउझरच्या 'डेव्हलपर टूल्स'मध्ये दिसणारा नेटवर्कचा तक्ता डोळ्यांसमोर आणा. यातील प्रत्येक आडवी पट्टी म्हणजे एक फाइल, आणि डावीकडून उजवीकडे वेळ सरकतो. मजकुराची पट्टी अगदी डावीकडेच संपली आहे, म्हणजे मजकूर केव्हाच येऊन पोहोचला आहे; तरीही पडदा कोराच आहे, कारण पानाच्या माथ्यावर लिहिलेली एक जावास्क्रिप्ट फाइल (ब्राउझरने चालवायच्या सूचनांची, म्हणजेच स्क्रिप्ट) उतरून पूर्ण चालल्याशिवाय ब्राउझर पुढचे पान वाचत नाही. ती फाइल कधी कधी केवळ भेटींची मोजदाद करण्यासाठी असते. वाचायला आलेल्या माणसाला तिच्यासाठी ताटकळत ठेवावे, ही या विषयातली मला सर्वांत खटकणारी गोष्ट आहे. उपाय एका शब्दाचा आहे: त्या स्क्रिप्टला 'डिफर' हा गुणधर्म दिला, की ती मागाहून चालते आणि मजकुराची वाट मोकळी होते.

चित्रांचे दुखणे वेगळे आहे. कॅमेऱ्यातून आलेले ४००० गुणिले ३००० पिक्सेलचे छायाचित्र पानावरच्या ४०० गुणिले ३०० च्या चौकटीत बसवले, तर दिसणाऱ्या प्रत्येक पिक्सेलमागे शंभर पिक्सेल उतरवले जातात. फाइल कितीही दाबून लहान केली, तरी ती उलगडताना प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट या हिशेबाने सुमारे ४८ मेगाबाइट स्मृती लागते, आणि साधा फोन तिथेच धापा टाकू लागतो. दाट पिक्सेलच्या पडद्यालाही या चौकटीसाठी १२०० पिक्सेल रुंदी पुरते. एकाच चित्राच्या निरनिराळ्या मापांच्या प्रती ठेवाव्यात, वेबपी किंवा एव्हीआयएफ हे चित्र कमी जागेत मावणारे स्वरूप वापरावे आणि खालची चित्रे वाचक तिथवर आल्यावरच मागवावीत. मात्र पहिल्याच दर्शनी चित्राला ही मागाहून मागवण्याची रीत लावली, तर तेच उशिरा येते. चित्राची रुंदी व उंची आधी लिहून ठेवली नाही, तर वाचता वाचता ओळ खाली सरकते आणि बोट भलत्याच बटणावर पडते.

गूगलने २०२० मध्ये मांडलेल्या मापकांनुसार, पानावरचा सर्वांत मोठा दिसणारा भाग २.५ सेकंदांत उमटायला हवा. ही मोजणी पान बनवणाऱ्याने केवळ आपल्या वेगवान संगणकावर करू नये, कारण तिथे बऱ्याच फाइली कॅशमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या तात्पुरत्या साठ्यात, आधीच साठलेल्या असतात. कॅश रिकामी करावी, नेटवर्क मुद्दाम मंद करावे, साधा फोन हाती घ्यावा आणि हाच तक्ता पुन्हा उघडावा. सर्वांत लांब पट्टी लगेच डोळ्यांत भरते. पण आधी शोधायची असते ती पहिल्या अक्षराच्या आड उभी असलेली पट्टी, मग ती कितीही आखूड असो.