हाकेला ओ आली नाही तर: कर्नल आणि बस एरर

(पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थी आणि नोकरदार अभियंत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन.)

नमस्कार. आज बोलायचंय बस एररबद्दल: बसवरून, म्हणजे मेमरी आणि उपकरणांकडे जाणाऱ्या मार्गावरून, प्रोसेसरने घातलेल्या हाकेला ओ आली नाही, तर कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, काय करतं. समोर निम्मे विद्यार्थी आहेत आणि निम्मे हिंजवडी-चाकणहून गाडी दामटत आलेले. या दुसऱ्या निम्म्यांपैकी बऱ्याच जणांनी सिरियल कन्सोलवर, म्हणजे बोर्डाचे संदेश दिसतात त्या पडद्यावर, एक ओळ रात्री-बेरात्री पाहिलेली असणार: 'अनहँडल्ड फॉल्ट: एक्स्टर्नल अबॉर्ट ऑन नॉन-लाइनफेच', पुढे कंसात ०x१०२८ आणि शेवटी एक पत्ता. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या ओमॅप घराण्यातल्या ३२ बिटी एआरएम चिपवर काम केलेल्यांना तर ती तोंडपाठ असते.

त्या ओळीमागे काय घडलेलं असतं ते आधी नीट पाहू. ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारा कर्नलमधला कोड, त्या उपकरणातलं एक रजिस्टर (स्थिती किंवा आदेशाचा छोटा कप्पा) वाचायला जातो. पेज टेबलमध्ये, म्हणजे पत्त्यांच्या नोंदवहीत, नोंद आहे, परवानगी आहे, ती तपासणाऱ्या एमएमयूची काही तक्रार नाही. पत्ता बसवर जातो. पण वीज वाचवण्यासाठी त्या पेरिफेरलचं, म्हणजे उपकरणाचं, क्लॉक बंद केलेलं आहे, त्यामुळे पलीकडे जागं कुणी नाही. इंटरकनेक्ट, म्हणजे चिपमधली जोडणी, 'इथे कुणी उत्तर देत नाही' असं प्रोसेसरला कळवतं आणि प्रोसेसर अबॉर्ट घेतो, म्हणजे चालू काम सोडून कर्नलच्या चूक हाताळणाऱ्या कोडकडे जातो. सेगमेंटेशन फॉल्टमध्ये एमएमयू दारातच अडवतं. बस एररमध्ये एमएमयूने सोडलेलं असतं, नकार पलीकडून येतो. हा फरक विद्यार्थ्यांनी मुलाखतीपुरता नाही, कायमचा लक्षात ठेवावा.

आता हा पेरिफेरल झोपलेला असताना त्याचं रजिस्टर वाचायला कुणी जातं कशाला? बहुतेक वेळा इंटरप्टमुळे, म्हणजे उपकरणाने प्रोसेसरचं लक्ष वेधायला दिलेल्या इशाऱ्यामुळे. एकाच इंटरप्ट लाइनवर दोन उपकरणं असतात. शेजारच्याने इंटरप्ट दिला की कर्नल दोघांचेही हँडलर (इंटरप्टला उत्तर देणारी फंक्शनं) बोलावतं, आणि तुमचा हँडलर 'माझं आहे का बघू' म्हणून स्टेटस रजिस्टर वाचायला जातो. तुमचं उपकरण तेव्हा रनटाइम सस्पेंडमध्ये, म्हणजे वीज वाचवायला झोपवलेलं. झालं, अबॉर्ट. इलाज साधा आहे: रजिस्टरला हात लावण्याआधी पॉवर मॅनेजमेंटकडून उपकरण जागं करून घ्यायचं, आणि हँडलरमध्ये ते शक्य नसेल तर उपकरण झोपलेलं आहे का ते बघून आल्या पावली परत फिरायचं. टेबलावरच्या चाचणीत ही चूक क्वचित सापडते. ग्राहकाकडे बोर्ड निवांत पडून राहिला, की उपकरणं झोपतात आणि मग ती सापडते.

माझ्या मते ही त्यातल्या त्यात चांगली चूक. ती ओरडते, आणि प्रोसेसरच्या ज्या सूचनेवर (इन्स्ट्रक्शनवर) घडली तिथेच ओरडते. हाच प्रकार पीसीवर करून पाहा. पीसीआयवर, म्हणजे पीसीतल्या कार्डांच्या बसवर, वाचायला गेलात आणि उत्तर आलं नाही, तर प्रोसेसरच्या हातात सगळे बिट १ असलेला आकडा पडतो, ३२ बिटांत, हेक्समध्ये, आठ वेळा एफ. बहुतेक पीसींवर ना अबॉर्ट, ना सिग्नल (कर्नलने प्रोग्रामला दिलेला इशारा). ड्रायव्हर त्या आकड्याला खरं स्टेटस समजतो. 'तयार' हा बिट १ आहे का? आहे. चला पुढे. किंवा 'व्यस्त' बिट ० होईपर्यंत लूपमध्ये थांबायचं असं लिहिलं असेल, तर तो बिट ० कधीच होणार नाही, कारण बाहेरचं पीसीआय उपकरण जोडणारी थंडरबोल्टची केबल कुणीतरी उपटलेली आहे. आज लिनक्समध्ये हा आकडा तपासायला 'पीसीआय पॉसिबल एरर' नावाचा मॅक्रो आहे. नावातला 'पॉसिबल' फार प्रामाणिक आहे, कारण एखाद्या रजिस्टरमध्ये सगळे बिट खरोखरच १ असू शकतात. आयबीएमच्या पॉवर मशिनवर ईईएच नावाची सोय आहे, ती बिघडलेला स्लॉट गोठवते. तिथेही गोठवलेल्या स्लॉटमधून सगळे १ येतात, पण शंका आली की फर्मवेअरला विचारता येतं: हा स्लॉट तू गोठवलास का? खात्री करून घ्यायला कुणीतरी आहे, हा मोठा फरक.

थोडा इतिहास. १९७० च्या पीडीपी-११ या मिनीकॉम्प्युटरमध्ये युनिबस नावाच्या बसवर हाकेला काही मायक्रोसेकंदांत ओ आली नाही, तर प्रोसेसर पत्ता ४ वरच्या व्हेक्टरमधून (चूक झाल्यावर कुठे जायचं ते लिहिलेल्या जागेतून) ट्रॅप घ्यायचा. विषम पत्त्यावरून दोन बाइटांचा शब्द (वर्ड) वाचायला गेलात तरी तोच ट्रॅप. जुन्या युनिक्समध्ये बस एररचा सिग्नल, म्हणजे सिगबस, १० नंबरचा. पीसी आणि एआरएमवरच्या लिनक्समध्ये तो ७ आहे, त्यामुळे दोन्हीकडे काम करणाऱ्याने आकड्यावर विसंबू नये, नावच वापरावं. पुढे बर्कलीच्या युनिक्सने व्हॅक्स मशिनवर याच गोष्टीचा उपयोग करून घेतला. मशिन सुरू होताना शक्य ते पत्ते चाचपायचे, चूक झाली तर उपकरण नाही, नाही झाली तर आहे.

मोटोरोलाच्या ६८००० ला बस एररची वेगळी पिनच होती, पण चूक झाल्यावर अर्धवट राहिलेली सूचना पुन्हा सुरू करायला पुरेशी माहिती ती चिप स्टॅकवर ठेवत नसे. म्हणून अपोलो कंपनीने आपल्या वर्कस्टेशनमध्ये दोन ६८००० बसवले. एक अडकला की दुसऱ्याने मेमरीचं हवं ते पान (पेज) आणून द्यायचं. १९८२ च्या ६८०१० ने ती उणीव भरून काढली. आपल्या गणेशखिंडीतल्या सी-डॅकच्या १९९१ च्या परम ८००० महासंगणकात टी८०० ट्रान्सप्युटर हे प्रोसेसर होते, त्यांना तर एमएमयूच नव्हतं. असो, तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय.

मुख्य मुद्द्याकडे येतो. बस एरर आल्यावर कर्नलला शोधायचा असतो तो त्या चुकीचा धनी, म्हणजे ती कुणाची हे. काय बिघडलं हे हार्डवेअर बरंचसं सांगतं. पण तो व्यवहार कुणी सुरू केला, आणि नुकसान कुणाच्या पदरात घालायचं, हे कर्नललाच ठरवावं लागतं. आणि चूक उशिरा आली की धनी सापडत नाही.

उशिरा का येते? वाचताना प्रोसेसरला उत्तराची वाट पाहावीच लागते. लिहिताना तो थांबत नाही. साधं पत्र पेटीत टाकून माणूस घरी जातो तसं. पोचपावती हवी असेल तर पूर्वी रजिस्टर पोस्टाने पाठवावं लागे. एआरएम ६४ वर लिनक्स उपकरणांची रजिस्टरं ज्या प्रकारे मॅप करतं, त्यात वाटेतल्याच कुणीतरी 'पोचलं' म्हटलेलं चालतं. खरा नकार नंतर येतो, एसएरर नावाच्या अबॉर्टच्या रूपात, आणि तोवर प्रोसेसर भलत्याच फंक्शनमध्ये पोचलेला असतो. पॅनिकच्या, म्हणजे कर्नलने हात टेकल्यावरच्या, स्टॅक ट्रेसमध्ये (तेव्हा चालू असलेल्या फंक्शनांच्या यादीत) मग शेड्यूलर दिसतो, नेटवर्कचा कोड दिसतो, आणि नवशिका अभियंता तिकडे आठवडा घालवतो. अशा वेळी ट्रेसवर विश्वास ठेवू नका. संशयित ड्रायव्हरमध्ये प्रत्येक लिखाणानंतर त्याच उपकरणाचं एखादं निरुपद्रवी रजिस्टर वाचा. त्या वाचनाला आधीचं लिखाण पोचल्याशिवाय उत्तर मिळत नाही, त्यामुळे चूक जिथली तिथे पकडली जाते. नुसत्या बॅरियरने, म्हणजे क्रम राखायला लावणाऱ्या सूचनेने, हे साधत नाही. निदान झालं की ती वाचनं काढून टाका, नाहीतर वेगाची तक्रार घेऊन दुसरं कुणी येईल.

धनी शोधण्याचं सर्वांत देखणं काम मेमरीच्या चुकांत दिसतं. ईसीसीला, म्हणजे मेमरीतल्या चुका पकडणाऱ्या यंत्रणेला, दुरुस्त न होणारी चूक सापडली की पीसीच्या एक्स८६ प्रोसेसरवर मशिन चेक नावाचा ट्रॅप येतो, व्हेक्टर १८. लिनक्समध्ये २.६.३२ पासून, म्हणजे २००९ पासून, मेमरीच्या त्या पानाचा माग काढणारा कोड आहे. पान एखाद्या फाइलची डिस्कवर असलेलीच प्रत असेल, तर ते टाकून द्यायचं, पुन्हा वाचता येईल. कुणाला पत्ताही लागत नाही. एखाद्या प्रोसेसचा डेटा असेल तर रिव्हर्स मॅपमधून (पान कुणाकुणाचं ते सांगणाऱ्या नोंदींतून) ती प्रोसेस शोधायची, पान काढून घ्यायचं आणि तिला पत्त्यासकट सिगबस द्यायचा. ती प्रोसेस क्यूईएमयू, म्हणजे व्हर्च्युअल मशिन चालवणारा प्रोग्राम, असेल, तर ती हीच चूक आतल्या गेस्टला (व्हर्च्युअल मशिनमधल्या सिस्टिमला) मशिन चेक म्हणून देते, आणि गेस्टचं कर्नल आपल्या प्रोसेसमधला धनी शोधायला लागतं. पान खुद्द कर्नलच्या स्लॅबचं, म्हणजे त्याच्या स्वतःच्या डेटाचं, असेल, तर मात्र बहुधा बोलणंच खुंटतं.

हे सगळं मशिन चेकच्या हँडलरमध्ये करता येत नाही, बरं का. तो कुठेही, कुणाच्याही हातात लॉक (डेटा एका वेळी एकानेच वापरावा म्हणूनचं कुलूप) असताना येऊ शकतो. म्हणून तिथे फक्त नोंद करायची, आणि पानांची शोधाशोध नंतर, लॉक घेता येतील अशा ठिकाणी.

'पॅनिक करायचं की नाही' हे मला नेहमी विचारतात. पुण्यात स्टोरेजवर काम केलेली मंडळी भरपूर आहेत, त्यांना हे पटवावं लागत नाही: क्लस्टरमधला नोड खोटा डेटा लिहीत जिवंत राहण्यापेक्षा मेलेला बरा, त्याची जागा दुसरा घेतो. पण नेटवर्क कार्डाने पीसीआय एक्सप्रेसवर चूक कळवली म्हणून अख्खं मशिन पाडणं हा आळस आहे. तिथे ड्रायव्हरला आधी कळवायचं, स्लॉट रीसेट करायचा आणि काम पुढे चालू करायचं, अशी कॉलबॅकची सोय लिनक्समध्ये कधीपासून आहे. कित्येक ड्रायव्हर ती भरतच नाहीत. आणि पॅनिक करायचंच, तर लॉग मागे राहील असं बघा. रॅमूप्स, म्हणजे पॅनिकचा लॉग राखून ठेवणारी सोय, चांगलं आहे, पण ते रॅममध्ये असतं. गुरुवारी वीज गेली की तेही गेलं.

विद्यार्थ्यांनी घरी करून पाहायचं असेल, तर एक फाइल एमएमॅप करा, म्हणजे मेमरीचा भाग म्हणून जोडा, दुसऱ्या टर्मिनलवरून तिची लांबी शून्य करा, आणि मग ती मेमरी वाचा. सिगबस मिळेल, हार्डवेअरला धक्काही न लागता. पुढची पायरी म्हणजे रूट होऊन एमअॅडव्हाइजने एखादं पान विषारी, म्हणजे खराब, ठरवणं. कर्नलमध्ये तो पर्याय चालू असावा लागतो. ते मात्र व्हर्च्युअल मशिनमध्येच करा. पान सहसा रीबूट केल्याशिवाय परत वापरात येत नाही, आणि लॅबचं मशिन असेल तर रीबूटची परवानगी मागायला तुम्हालाच जावं लागेल.