दोन वर्षांची डिग्री घ्यायची, पण कॉलेज कुठलं?

हे कॅलिफोर्नियातलं क्युपर्टिनो. स्टीव्हन्स क्रीक बुलेवर्डवर हे डी अँझा कॉलेज, १९६७ साली सुरू झालेलं, म्हणजे दोन वर्षांचं सरकारी कम्युनिटी कॉलेज. अ‍ॅपलवाला स्टीव्ह वोझ्नियाक पण इथे काही काळ शिकलाय. तरी आपल्या मराठी घरांत कम्युनिटी कॉलेज म्हटलं की नाकं मुरडतात, "का हो, मार्क कमी पडले का?"

आता फी ऐका. कॅलिफोर्नियाचे रहिवासी असाल तर सेमिस्टरच्या एका युनिटला (युनिट म्हणजे विषयाचं वजन मोजायचं माप) ४६ डॉलर, आणि असोसिएट डिग्रीला, म्हणजे ह्या दोन वर्षांच्या डिग्रीला, साधारण ६० युनिट लागतात, म्हणजे झाले २,७६० डॉलर, पुस्तकं आणि राहणं-खाणं वेगळं. (भारतातून स्टुडंट व्हिसावर येणाऱ्यांना हा रेट नाही बरं का, त्यांना बरंच जास्त पडतं.)

फी राज्यातल्या सगळ्या सरकारी कम्युनिटी कॉलेजांत सारखीच, मग निवडायचं कशावरून? कॅम्पस किती छान आहे ते नंतर बघा, आधी दोन वर्षांनी जायचंय कुठे ते ठरवा.

दोन वर्षांनी पुढचं शिकायला युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर घ्यायची असेल तर असिस्ट नावाची सरकारी साइट उघडा, फुकट आहे. कॉलेज टाका, युनिव्हर्सिटी टाका, मेजर, म्हणजे मुख्य विषय, निवडा. डावीकडे युनिव्हर्सिटीला हवा असलेला विषय आणि उजवीकडे तुमच्या कॉलेजातला त्याच्या जोडीचा विषय. उजवीकडे 'नो कोर्स आर्टिक्युलेटेड' असं दिसलं की समजायचं, तो विषय इथे होणार नाही. असं चार-पाच ठिकाणी दिसलं तर सरळ शेजारचं कॉलेज बघा, कारण तेच विषय पुढे युनिव्हर्सिटीची फी भरून करावे लागतात.

सरळ नोकरीच धरायची असेल तर हिशोब वेगळा. नर्सिंगला आरएन, म्हणजे रजिस्टर्ड नर्स, व्हायचं तर एनक्लेक्स परीक्षा पास व्हावी लागते, आणि कुठल्या कॉलेजचे किती टक्के पास झाले ते राज्याचं नर्सिंग बोर्ड स्वतः जाहीर करतं. माझ्या मते कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा हा आकडा जास्त खरं बोलतो.

आणि फोनवर फोन करून "सर, आजच अ‍ॅडमिशन घ्या" म्हणणारी खाजगी कॉलेजं? तिथे जरा दमानं. आयटीटी टेक ही केवढी मोठी साखळी, देशभर शंभराच्या वर कॅम्पस, २०१६ च्या सप्टेंबरमध्ये एका फटक्यात बंद झाली आणि हजारो मुलं रस्त्यावर आली. तिथले क्रेडिट, म्हणजे मिळवलेली युनिटं, बऱ्याच कॉलेजांनी धरलेच नाहीत. म्हणून अ‍ॅक्रेडिटेशन (म्हणजे मान्यता) आहे का एवढंच नका विचारू, तुम्हाला पुढे ज्या युनिव्हर्सिटीत जायचंय तिलाच विचारा की ह्यांचे क्रेडिट तुम्ही घेता का.

आणि कम्युनिटी कॉलेजातून युसीत, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, जायचं असेल तर तिच्या सहा कॅम्पसना टॅग म्हणून सोय आहे, अटी पूर्ण केल्या तर प्रवेश पक्का. डेव्हिस, अर्व्हाइन, सांताक्रूझ वगैरे त्यात येतात, बर्कली आणि लॉस एंजेलिस नाही. त्याचा अर्ज फक्त १ ते ३० सप्टेंबर, म्हणजे काउन्सेलरची अपॉइंटमेंट उन्हाळ्यातच घेऊन टाका, नंतर मिळत नाही.