कळंबोलीचा बाजार, लंडनचा लिलाव

हा खणखणाट ऐकताय ना, हा कळंबोलीचा लोखंड बाजार. सकाळपासून क्रेन सुरू, काट्यावर ट्रकची लाइन, गॅस कटरच्या ठिणग्या उडतायत, आणि माथाडींची ही टोळी बघा, सळ्यांचं बंडल हलवताना एकाचा पाय चुकला तर सगळ्यांचा चुकतो.

इथं चहाच्या टपरीवर कोरसचा विषय काढून बघा, जुने व्यापारी अजून रंगात येतात. कोरस म्हणजे तेव्हाची ब्रिटन आणि नेदरलँड्सची पोलाद कंपनी, उत्पादनात टाटा स्टीलच्या जवळपास चौपट. चौपट! आणि विकत घ्यायला निघाले कोण, तर टाटा. ऑक्टोबर 2006 मध्ये शेअरला 455 पेन्स देतो म्हणाले, सगळं ठरल्यासारखं झालं तेवढ्यात ब्राझीलची पोलाद कंपनी सीएसएन मधे घुसली, 475, मग टाटा 500, की काही तासांत सीएसएन 515. शेवटी तिथल्या टेकओव्हर पॅनेलनं, म्हणजे कंपन्यांच्या खरेदीवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेनं, लिलावच लावला. 30 जानेवारी 2007, लंडनमध्ये संध्याकाळ, आपल्याकडे रात्र, राउंडवर राउंड. नवव्या राउंडला सीएसएन 603 वर थांबली, टाटा 608. गंमत म्हणजे कंपनी साहेबाची आणि बोली लावणारे दोघंही एकेकाळी गुलामीत असलेल्या देशांतले.

एवढा खटाटोप कशाला? टाटांकडे स्वतःच्या खनिजाच्या खाणी, त्या कोरसकडे नाहीत. कोरसकडे गाड्यांच्या पत्र्याची टेक्निक आणि युरोपातली गिऱ्हाइकं. म्हणजे कच्चं पोलाद इथं स्वस्तात बनवायचं, तिकडे नेऊन फिनिश करायचं आणि तिकडेच विकायचं. कागदावर हिशोब चोख होता, आजही वाचला की पटतो. सौदा साधारण 12 अब्ज डॉलरचा, त्यातला मोठा भाग कर्जाचा.

पुढं 2008 ची मंदी आली, युरोपातली मागणी पडली, तिकडचा धंदा कितीतरी वर्षं इथल्या नफ्यावर तगला, आणि कोरसकडून आलेल्या वेल्समधल्या पोर्ट टालबट कारखान्याची शेवटची झोतभट्टी, म्हणजे खनिजातून लोखंड काढणारी भट्टी, 30 सप्टेंबर 2024 ला बंद झाली, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. तिकडे जायचं आमचं बजेट नव्हतं, म्हणून ते चित्र नाही.

हे आहे. कॉइल उतरतंय, पोलादी पत्र्याची गुंडाळी, वीसेक टनाची. खाली लाकडाचा ठोकळा सरकवणारे ते हात बघा.

(पुढे निवेदन नाही, क्रेनचा आवाज तसाच चालू)