वर्षाचा आकडा, पंधरवड्याचा भत्ता

धोरणासाठीचं डेटा सायन्स, म्हणजे सरकारी निर्णयांसाठी आकडेवारी आणि संगणक वापरणं, शिकायचं असेल तर आधी एक हिशेब मांडू. एका माणसानं जुलै ते डिसेंबर काम करून २६,००० डॉलर कमावले. जानेवारीत काम सुटलं आणि जूनपर्यंत तो बेकारभत्त्यावर राहिला. भत्ता ठरतो दर पंधरवड्याच्या उत्पन्नावर. करखात्याकडे मात्र वर्षाचा एकच आकडा. त्याला २६ पंधरवड्यांनी भागलं की आले प्रत्येकी १,००० डॉलर. म्हणजे मार्चमध्ये घरी बसलेला माणूसही कागदावर कमावता झाला आणि त्याच्यावर भत्त्याची वसुली निघाली.

ऑस्ट्रेलियात २०१६ पासून ‘रोबोडेट’ म्हणून गाजलेल्या योजनेत हेच घडलं. लाखो लोकांवर बेकायदेशीर वसुली लादली गेली. २०२३ मध्ये शाही आयोगानं तिचे वाभाडे काढले. यात मशीन लर्निंग, म्हणजे जुन्या नोंदींवरून संगणकानं स्वतः शिकणं, नव्हतं; साधा भागाकार होता. भागाकार बरोबर, गृहीतक चूक. तिथे अडखळायला शिकवणं हे धोरणासाठीच्या डेटा सायन्सचं पहिलं काम आहे, असं मला ठामपणे वाटतं.

बर्लिनचं हर्टी स्कूल किंवा शिकागो विद्यापीठ इथले असे अभ्यासक्रम दोन वर्षांचे आहेत. प्रोग्रॅमिंग, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र आणि धोरण हे सगळं एकत्र शिकावं लागतं. येण्याआधी संभाव्यता, थोडं रेषीय बीजगणित आणि पायथन किंवा आर यांपैकी एक भाषा हाताखालची असावी. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, तर हवीच. सरकारी नोंदी एका सुबक फाइलीत कधीच मिळत नाहीत.

विद्यार्थी सर्वांत जास्त घसरतात ते अंदाज आणि कार्यकारण यांच्या गल्लतीत. कोणती मुलं शाळा सोडतील, हा अंदाज. शिष्यवृत्तीमुळे किती टिकतील, हा वेगळाच प्रश्न. शिष्यवृत्ती सर्वांत गरजू मुलांनाच मिळत असेल, तर ती घेणारीच जास्त गळताना दिसतील आणि मॉडेल, म्हणजे जुन्या नोंदींवरून अंदाज बांधणारा संगणकी हिशेब, योजनेलाच दोषी ठरवेल.

आता अभ्यासक्रमात सरकारी खात्यासोबत करायच्या प्रकल्पाविषयी. डेटा देण्याचा करार व्हायलाच काही महिने जातात, म्हणून पहिल्या सत्रातच खात्याशी बोलणं सुरू करा. धोकादायक इमारती शोधायच्या आहेत असं धरा. २० निरीक्षक, प्रत्येकाच्या आठवड्याला १० भेटी, म्हणजे एकूण २००. तेव्हा मॉडेलची एकंदर अचूकता बाजूला ठेवा. त्याच्या यादीतल्या पहिल्या २०० मध्ये खरे दोष किती, तेवढं पाहा. चाचणीसाठी नोंदी सरमिसळ करून निवडू नका: जुन्या वर्षांवर शिकवा, शेवटच्या वर्षावर तपासा. ‘नोटीस बजावल्याची तारीख’ असा रकाना आत राहिला, तर निकाल डोळे दिपवणारा येईल, कारण तो रकाना भरला जातो तपासणीनंतर, म्हणजे मॉडेलला उत्तर आधीच दिसतं. तुलनेला एक साधा नियमही ठेवा: मागच्या वेळी दोष सापडलेल्या इमारती आधी. कित्येकदा मॉडेल त्याच्यापुढे फारसं जात नाही, आणि तसं असेल तर अहवालात स्पष्ट लिहा.

एक अडचण मात्र कोडनं सुटत नाही. जिथे कुणी गेलंच नाही, त्या इमारतींबद्दल डेटा गप्प असतो. त्या गप्प बसण्याला ‘दोष नाही’ समजलं, की निरीक्षक दरवर्षी त्याच त्याच गल्ल्यांत फिरत राहतात. म्हणून २०० पैकी २० भेटी तरी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या इमारतींसाठी राखून ठेवायला खात्याला आधीच राजी करा.