आधी कोरडं, मग तेल

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाचे दिवस लागले की घोडा बाळगणाऱ्यांची एकच रड ऐकू येते. सकाळी खरारा करून घोडा मोकळा सोडला आणि संध्याकाळी पोटापर्यंत चिखलाने माखून परत आला. त्यावरचा जुना उपाय म्हणजे तेल. तेल कुठे लावायचं, कुठे अजिबात लावायचं नाही आणि त्याआधी काय करायचं, एवढंच आज बोलणार आहे.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगून टाकतो. तेल लावायचं ते कोरड्या पायावर. पुन्हा सांगतो, स्वच्छ आणि कोरड्या पायावर. ओल्या केसांवर तेल चोपडलंत तर ओल आत कोंडते आणि जे टाळायचं होतं तेच ओढवतं.

काय ओढवतं? खुराच्या वर मागच्या बाजूला जो खळगा असतो ना, तिथली कातडी सतत ओली राहिली की मऊ पडते. चिखलातल्या बारीक खड्यांनी ती खरचटते आणि तिथून डर्मॅटोफिलस काँगोलेन्सिस नावाचा जंतू आत शिरतो. नावात काँगो आहे, कारण १९१५ साली बेल्जियन काँगोत गुरांच्या कातडीच्या रोगात त्याचं पहिलं वर्णन झालं. कोरड्यात हा गडी खपलीत गप्प पडून राहतो. पाणी मिळालं की त्याचे बीजाणू अक्षरशः पोहायला लागतात. मग पायावर खपल्या धरतात, आणि खपली निघते ती केसांचा झुबका सोबत घेऊनच, रंगाऱ्याच्या छोट्या ब्रशसारखी. पुढे पाय सुजतो, घोडा लंगडतो. गुलाबी कातडीच्या, पांढऱ्या पायांना हा त्रास जास्त. पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय आणि कपाळ पांढरं असलेला घोडा दिसतो राजबिंडा, पण चिखलाच्या दिवसांत त्याचे चारही पाय रोज हाताने चाचपून बघावे लागतात.

तेलाचं काम साधं आहे. केसांवर पातळ थर बसतो, पाणी ओघळून जातं आणि चिखल केसाला धरून बसत नाही. तेल हे औषध नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवा. खपली धरलेली असेल, जखम असेल, तर तिथे तेल नाही. जंतू आत आणि वरून झाकण, असा प्रकार होतो. तिथे जनावरांचा डॉक्टर.

आता ती गोष्ट. माझ्या ओळखीच्या मंडळींनी ती इतक्यांदा ऐकली आहे की मी ‘एकदा काय झालं’ म्हटलं की ते चपला शोधायला लागतात. तुम्हीही उठून जाल कदाचित, पण इथून मला ते दिसत नाही, हा रेडिओचा मोठाच फायदा.

तर, घोड्यांचं प्रदर्शन होतं. रात्रभर पाऊस कोसळलेला, मैदानाचा नुसता राडा. माईक माझ्याकडे होता. घोडा रिंगणात आला की त्याची माहिती सांगायची, हे माझं काम. सकाळी घोडे बांधले होते तिकडे चक्कर मारायला गेलो. एका टोकाला एक हौशी तरुण उभा, हाताशी नुकताच घेतलेला काळाभोर घोडा. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की तेल लावलं की चिखल चिकटत नाही. सांगणाऱ्याने पाय म्हटलं होतं, याने घोडा ऐकला. स्वयंपाकघरातला तेलाचा अख्खा डबा आणून पठ्ठ्याने घोड्याला कानापासून खुरापर्यंत न्हाऊ घातलं होतं. मान, पाठ, खांदे, तंगाची म्हणजे खोगिराचा पट्टा पोटाखालून आवळतात ती जागा, काही म्हणता काही सोडलं नव्हतं.

शेजारी एक म्हातारा मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा, उकिडवा बसला होता, आपल्या तांबड्या घोडीच्या पायाशी. तिचे चारही पाय पांढरे. तो गोणपाटाने एक पाय पुसायचा, केस उलटे करून खाली हाताची पाठ लावायची, ओल लागली की परत पुसायचा. पुन्हा केस उलटे, पुन्हा हाताची पाठ. समाधान झालं की मग वाटीत बोटं बुडवायची आणि गुडघ्याखाली केसांच्या मुळापर्यंत तेल चोळायचं. वाटी तळाला गेलेली. तरुणाला त्याची दया आली. म्हणाला, “काका, एवढंसंच तेल? माझ्यातलं घ्या हवं तर, डब्यात उरलंय.”

म्हाताऱ्याने काळ्या घोड्याकडे एकदा नीट पाहिलं. मग विचारलं, “बसणार आहेस का त्याच्यावर?”

“हो तर!”

“बरं,” म्हातारा म्हणाला, आणि दुसऱ्या पायाकडे वळला.

काळा घोडा रिंगणात आला तेव्हा खरंच डोळे दिपले. मी माईकवर म्हटलं, “मंडळी, काय ही तकाकी!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मालकाने रिकिबीत पाय ठेवला, अंग वर उचललं, आणि खोगीर त्याच्यासकट डावीकडे निघालं. धाडकन नव्हे हो, अगदी सावकाश. त्याला आजूबाजूला बघायला वेळ मिळाला, लोकांना हसू दाबायला वेळ मिळाला, मला काय बोलावं याचा विचार करायलाही वेळ मिळाला. शेवटी खोगीर घोड्याच्या पोटाखाली आणि मालक चिखलात बसलेला, लगाम हातात तसाच. मी जाहीर केलं, “स्वारांनी मैदानाची जातीने पाहणी केली आहे.”

घोडा गुणी म्हणायचा. दुसरा असता तर पोटाखालचं खोगीर लाथाडत उधळला असता. हा जागचा हलला नाही. दोघांनी धावत जाऊन तंग सोडला, खोगीर काढलं, आणि पाठ मोकळी झाल्यावर मात्र त्याने स्वतःपुरता निर्णय घेतला. सकाळपासून अंगाला ते चिकट ओझं, बिचारा वैतागलाच असणार. कडेला वाळूचा ढीग होता. तिथे त्याने गुडघे टेकले. आधी ही कूस, मग ती कूस, चारही पाय वर, मनसोक्त लोळला. उठून अंग झाडलं तर वाळूचा कण हलेना. माझ्या हातातल्या कागदावर ‘रंग : काळा’ असं लिहिलेलं, आणि समोर वाळूच्या रंगाचा घोडा.

मग त्याच राड्यातून तांबडी घोडी चालून गेली. तिचेही पाय गुडघ्यापर्यंत भरले. माझ्या शेजारचे गृहस्थ म्हणाले, काय उपयोग झाला तेलाचा? मुद्दा इथेच आहे, श्रोतेहो. तेल लावल्याने चिखल उडायचा थांबत नाही. उडालेला चिखल सुटतो लवकर, इतकंच. चिखल वाळल्यावर मी मागच्या बाजूला गेलो. म्हातारा मऊ ब्रशने तिचे पाय झाडत होता. चिखलाचे पापुद्रे आपसूक गळत होते आणि खालून पांढरे स्वच्छ केस निघत होते. पलीकडे तो तरुण साबणाच्या बादल्या आणून आणून दमला होता. मी म्हाताऱ्याच्या कानाशी लागलो, “काका, सकाळीच सांगायचं ना त्याला!”

म्हातारा म्हणाला, “विचारलं की मी. बसणार आहेस का म्हणून.”

असो. वेळ थोडा उरला आहे, तर भराभर सांगतो. जिथे खोगीर आणि तंग येतो तिथे तेल नाही. पाठीवर नाही, तंगाच्या जागी नाही. थंडी-पावसात उघड्यावर राहणाऱ्या घोड्याच्या अंगभर तर नाहीच नाही. गारठ्यात त्याचे केस उभे राहतात, त्यांत हवा अडकते आणि ऊब टिकते. तेलाने केस बसले की ती ऊब गेली. म्हणून पाय, फार तर पोटाखालची बाजू, आणि शेपटीचे लांब केस. कडक उन्हात मात्र तेही नको, तेल लावलेली गुलाबी कातडी भाजून निघते.

तेल कोणतं? हलकं खनिज तेल, म्हणजे लिक्विड पॅराफिन, चांगलं. ते खवट होत नाही. खाण्याचं तेल दिवस गेले की चिकट होतं, वास मारतं आणि धूळ धरतं. शायर आणि क्लाइड्सडेल या अवजड घोड्यांच्या पायांना लांब झुपके असतात. त्यांना परदेशात ‘पिग ऑइल’ लावतात, मूळचं डुकरांना प्रदर्शनासाठी चमकवायला वापरलं जाणारं खनिज तेल. त्यात बरेच जण गंधकाची पूड घालतात. गंधक काही घोड्यांना झोंबतं, तेव्हा आधी छोट्याशा जागी लावून दोन दिवस वाट बघा.

आणि पाइप लावून रोज पाय धुणं कृपा करून थांबवा. कातडीचं स्वतःचं तेल असतं, तेच तुम्ही धुऊन टाकता आणि मग बाटलीतलं विकत आणता! चिखल वाळू द्या, मग ब्रशने झाडा. ही सगळी चकाचकपणाची हौस. याच हौसेपायी लोक घोड्याच्या तोंडावरच्या मिशासुद्धा भादरत. त्या मिशांनी घोडा नाकासमोरची वस्तू चाचपतो. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने १ जुलै २०२१ पासून अशा भादरलेल्या घोड्यांना स्पर्धेत उतरायला मनाई केली, मला तर त्या दिवशी पेढे वाटावेसे वाटले. पण तो विषय वेगळा.

तर पायांचं पुन्हा एकदा. आधी कोरडं, मग तेल. धुवावेच लागले तर टॉवेलने टिपून, केसांच्या मुळाशी हात घालून ओल बघा, मगच तेल. दर आठवड्याला, पाऊस लागून राहिला तर त्याआधीही, परत लावा. लावताना खपली हाताला लागते का, पाय गरम आहे का, हेही चाचपा. आणि लगाम हातात घेण्याआधी तुमचे हात साबणाने धुवा, तेलकट बोटांतून चामडं सुळकन निसटतं.

नमस्कार.