भाडे वाढले, पण पगार कुणाचा वाढला?

श्रोतेहो, नमस्कार. आज एसटीचा संप, जागच्या जागी थांबलेले पगार आणि न थांबणारी महागाई या विषयावर मला आपल्याशी बोलायचे आहे. एक वाक्य आधीच सांगून ठेवते आणि ते पुढेही सांगणार आहे: तिकीट महागले म्हणजे चालक-वाहकाचा पगार वाढला, असे होत नाही.

२०२१ सालचा ऑक्टोबर आठवा. डिझेल लिटरमागे शंभरी ओलांडत होते. महिनाअखेरीस एसटीचे भाडे १७.१७ टक्क्यांनी वाढले आणि त्याच आठवड्यात, २७ तारखेला, कर्मचारी संघटना उपोषणाला बसल्या. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात राज्यातील अडीचशे आगारे बंद पडली. जळगाव आणि धुळे हे आपले दोन्ही विभाग त्यात होते. भाडेवाढ आणि संप असे पाठोपाठ आल्यामुळे प्रवाशांच्या मनात एक समज घट्ट बसला, आणि तो समज मी एका काळीपिवळीत, म्हणजे भाड्याच्या खासगी जीपमध्ये, बसून ऐकला.

दिवाळी होऊन थोडे दिवस झाले होते. मला अंमळनेरहून धुळ्याला जायचे होते. अंमळनेर सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर असले, तरी धुळे त्या मार्गावर नाही, त्यामुळे तिकडे जाणाऱ्याला एसटीवाचून दुसरा स्वस्त आधार नसतो. स्टँडच्या फाटकाशी कर्मचारी मांडव घालून बसले होते आणि रस्त्याच्या कडेला काळीपिवळ्या भरत होत्या. एसटीला जिथे पन्नासेक रुपये लागत, तिथे शंभर मागितले जात होते. माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या. सोबत सून आणि सुनेच्या मांडीवर नातू. मुलाला धुळ्याच्या हिरे वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवायचे होते. आजींनी कापूस वेचून आणलेले पैसे पदराच्या गाठीतून सोडले, मोजून दिले, आणि गाडी गावाबाहेर पडताच त्यांचा राग बाहेर आला. या एसटीवाल्यांची पोटे भरली आहेत, भाडे आत्ताच वाढवून घेतले, ते पैसे खिशात घातले आणि आता सावलीत बसले आहेत, असे त्या मोठ्याने म्हणाल्या. गाडीतल्या प्रत्येकाने मान डोलावली. एकाने तर संपकऱ्यांना शिवी दिली.

जानवे मागे पडले तेव्हा मागच्या बाकावर अंग चोरून बसलेला एक माणूस बोलला. तो म्हणाला, "आजी, मी वाहक आहे. मीही संपावर आहे. धुळ्याच्या बाजारात पोती उचलायला चाललो आहे." गाडीत कुणी काही बोलेना. मला वाटले, आता हा माणूस मागण्यांची यादी म्हणून दाखवील, भाषण करील. त्याने तसे काही केले नाही. त्याने आजींना विचारले, "वेचणीला किलोमागे काय मिळते?" आठ रुपये, कुठे दहा, असे आजी म्हणाल्या. "आणि औंदा कापसाचा भाव काय?" क्विंटलला आठ हजारांच्या वर गेला आहे म्हणतात, असे आजींनी सांगितले. तेव्हा त्याने विचारले, "मग भाव चढला तशी तुमची वेचणीची मजुरीही चढली का?" आजी म्हणाल्या, "वेचनारीले कोन जास्त देस रे भाऊ?"

तो म्हणाला, "आजी, माझेही तसेच आहे. तिकिटाचा प्रत्येक रुपया मी ड्यूटी संपल्यावर आगारात भरणा करतो. भाडे वाढले की माझ्या भरण्याची रक्कम वाढते, माझा पगार वाढत नाही."

श्रोतेहो, वेतनावरची पुष्कळ भाषणे मी ऐकली आहेत, परंतु मजुरी आणि मालाचा भाव यांतला फरक इतक्या थोड्या शब्दांत कुणी उलगडल्याचे मला आठवत नाही. ज्या बाईला अर्थशास्त्राचे एक अक्षर कुणी शिकवले नव्हते, तिला तो तत्काळ कळला, कारण ती तो रोज ओणवी राहून जगत होती. नवलनगर येईपर्यंत त्या गप्प होत्या. मग त्यांनी मागे वळून विचारले, "तुले कितला पोरे शेतस रे भाऊ?" दोन मुली आहेत, असे तो म्हणाला. आजींनी मान हलवली, पण हिशेब सोडला नाही. त्या म्हणाल्या, "पन माले तं आज दुप्पट पैसा लागनात ना."

याला त्या वाहकाकडे उत्तर नव्हते, आणि माझ्याकडेही नव्हते. आजींचे म्हणणे खरे होते आणि वाहकाचेही खरे होते. वाहकाला बंद करायला निदान एक आगार होते. वेचणाऱ्या बाईने कुठले फाटक बंद करावे?

आता थोडे पगाराविषयी. महागाई भत्ता हा मूळ पगारावर टक्क्यांनी मिळतो. मूळ पगार लहान असेल, तर भत्ताही लहानच राहतो. बारा हजारांवर २८ टक्के म्हणजे ३,३६० रुपये आणि तीस हजारांवर २८ टक्के म्हणजे ८,४०० रुपये. किराणा दुकानात मात्र तेलाचा डबा दोघांना एकाच भावाने मिळतो. म्हणून २८ टक्के भत्ता मान्य झाल्यावरही २०२१ चा संप मिटला नाही आणि एसटी महामंडळाच्या राज्य शासनात विलीनीकरणाची मागणी पुढे आली. ती त्यासाठी नेमलेल्या समितीने मान्य केली नाही. २४ नोव्हेंबरला मूळ पगारात सेवेच्या वर्षांप्रमाणे पाच हजार, चार हजार आणि अडीच हजार रुपयांची वाढ जाहीर झाली, तरीही संप उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर एप्रिल २०२२ मध्येच संपला.  

दुखणे उशिराचे आहे. वेतनाचा करार चार वर्षांचा असतो, पण २०१६ पासून लागू व्हायचा करार जून २०१८ मध्ये जाहीर झाला, आणि तो पुरेसा नाही म्हणून त्याच महिन्यात पुन्हा काम थांबले. एप्रिल २०२० पासूनची वाढ मिळवायला सप्टेंबर २०२४ चा संप लागला. तेव्हा मूळ पगारात एकूण ६,५०० रुपयांची वाढ ठरली, ज्यात आधीचे पाच, चार आणि अडीच हजार धरलेले होते. भाव मात्र चार वर्षे थांबत नाहीत.

या उशिराची किंमत नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याच्या, तळोद्याच्या, अक्कलकुव्याच्या प्रवाशाला सर्वांत जास्त पडते, कारण तिथे रेल्वे नाही. मुक्कामी गाडी गावात आली नाही, तर सकाळी कॉलेजला निघणारी मुलगी घरी राहते. मुलाला मोटारसायकलवर कुणी तरी बसवून घेतो, मुलीला बसू दिले जात नाही. संप पाच महिने चालला, तर त्या मुलीचे वर्ष जाते, आणि ज्या घरात एकदा वर्ष गेले, तिथे पुढच्या वर्षी तिच्या लग्नाचे बोलणे सुरू होते. हे मला एसटीच्या कोणत्याही तोट्यापेक्षा मोठे नुकसान वाटते.

२५ जानेवारी २०२५ पासून भाडे पुन्हा १४.९५ टक्क्यांनी वाढले आहे. पुन्हा सांगते, तिकीट महागले म्हणजे चालक-वाहकाचा पगार वाढला, असे होत नाही. म्हणून माझी एक मागणी आहे. भाडेवाढीचा निर्णय जाहीर होताना वाढलेल्या प्रत्येक रुपयातले डिझेलला किती, नव्या गाड्यांना किती आणि पगाराला किती जाणार, हे त्याच पत्रकात लिहिले जावे, वेतनाचा मागचा करार कोणत्या तारखेला संपला तेही त्यात असावे, आणि ते पत्रक प्रत्येक स्टँडवर वेळापत्रकाच्या फलकाशेजारी, वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत लावले जावे.