सीतेची वेणी झाडाला खाते का? मुळांचं एकदा नीट समजून घेऊया

नमस्कार मंडळी. पाऊस तोंडावर आला की मला हाच प्रश्न येतो. जुन्या आंब्यावरून पांढरे-जांभळे लांब तुरे लोंबतायत, त्यांचा फोटो, आणि खाली लिहिलेलं असतं, "ताई, हे बांडगूळ काढून टाकू का?" काढू नका! ती सीतेची वेणी आहे, म्हणजे झाडावर वाढणारी एक आमरी (ऑर्किड).

ओळख पटकन उरकते. शास्त्रीय नाव रिंकोस्टायलिस रेट्युसा. कोकणात आणि घाटमाथ्यावर आंबा, फणस, ऐन अशा खरबरीत सालीच्या झाडांवर वाढते. साधारण मे ते जुलैमध्ये फुलते. चांगल्या वाढलेल्या एका तुऱ्यात शंभरच्या वर फुलं असतात, पांढऱ्यावर गुलाबी-जांभळे ठिपके. लिनियसनं १७५३ सालीच तिची नोंद केली होती, तेव्हाचं नाव वेगळं होतं. आणि हो, आसामचं राज्यफूल हेच. तिकडे तिला कोपौ फूल म्हणतात, बिहूच्या नाचात मुली अंबाड्यावर माळतात. झालं.

आता मुळं. आजचा व्हिडिओ खरं तर मुळांसाठीच आहे.

ही मुळं झाडाला धरतात, झाडाचा रस पीत नाहीत. बांडगुळाचं मूळ साल फोडून लाकडात शिरतं आणि झाडाच्या पाण्याच्या वाहिन्यांना जाऊन जोडलं जातं. जिथे ते जोडलं जातं तिथे फांदीवर गाठ आलेली दिसते. सीतेच्या वेणीची मुळं सालीच्या वरच्या वर पसरतात, कितीतरी तर नुसती हवेत लोंबत असतात. हवेत लोंबणारं मूळ झाडातून काय पिणार?

मग ती जगते कशावर? मुळाभोवती पांढुरकं आवरण असतं, त्याला वेलामेन म्हणतात. मेलेल्या, पोकळ पेशींचे थर असतात ते. पाऊस पडला की टीपकागदासारखं पाणी ओढून घेतात. त्या पाण्यातच खोडावरून वाहून आलेली धूळ, कुजका पाला, पाखरांची विष्ठा, सगळं विरघळलेलं असतं. तेवढं तिला पुरतं. ओल्या मुळाकडे नीट बघा, ते हिरवं दिसतं, कारण आत हरितद्रव्य आहे. वाळलं की पुन्हा चंदेरी.

एका दर्शकांनी लिहिलंय, "आमचं झाड वाळलं आणि त्यावर हीच होती, म्हणजे हिनंच वाळवलं." दादा, तुमचं झाड गेल्याचं दुःख मला कळतं. पण उलटं बघा. झाड मेलं की साल सुटते, आणि सालीबरोबर हीसुद्धा खाली येते. झाड जगण्यातच तिचा फायदा आहे. तिला जुनी, खरबरीत साल आवडते, म्हणून ती म्हाताऱ्या झाडांवर जास्त दिसते, आणि म्हातारी झाडं कधीतरी जातातच. तरीही पटत नसेल तर सड्यावर, म्हणजे कोकणातल्या कातळाच्या पठारावर, जाऊन बघा. तिच्या कुळातल्या कितीतरी आमऱ्या उघड्या कातळावर वाढतात. कातळात कुठला आलाय रस?

आता कुंडीवाले. "ताई, काळ्या मातीत लावली, रोज पाणी घातलं, तरी कुजली." तरी नाही, त्यामुळेच कुजली! हे मूळ भिजायला हवं आणि मग सुकायलाही हवं. मातीत पुरलं की ते सतत ओलं राहतं, हवा मिळत नाही, आणि चार-दोन आठवड्यांत मऊ पडतं. कोकोपीट भरलं तरी तेच होणार. मूळ पुरायचंच नाही.

वादळात फांदी पडली आणि तिच्यावर रोप असेल, तर मालकाला विचारून तेच रोप जवळच्या जिवंत झाडावर बांधा. उघडी मुळं थेट सालीला टेकवायची आणि सुंभानं हलकं बांधायचं. मध्ये मातीचा गोळा नको, शेवाळाची जाड गादीही नको. रोप तिरकं, थोडं खाली झुकलेलं ठेवा. पानांच्या बेचक्यात पाणी साचलं तर शेंडा कुजतो, आणि हिचा वाढणारा शेंडा एकच असतो. पावसाच्या सुरुवातीला, मुळांची टोकं हिरवी झालेली असताना बांधलं तर नवी मुळं साल धरतात. धरली की सुंभ सोडून टाका.

मी पडलेल्या फांदीबद्दल बोलतेय, हे कृपा करून लक्षात घ्या. रानातून ओरबाडून आणलेल्या रोपांचे फोटो लोक मला अभिमानानं पाठवतात, तेव्हा जीव तुटतो. हिचं बी धुळीइतकं बारीक. त्यात स्वतःचा अन्नसाठा जवळजवळ नसतोच, विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजतं, आणि पहिला तुरा यायला वर्षं जातात. शेंगेत बिया असंख्य असतात, त्यातून रोप होणारं बी एखादंच. ते रोप तुम्ही उपटता, कुंडीत पुरता आणि कुजवता. शिवाय अभयारण्यातून उपटून आणणं हा १९७२च्या वन्यजीव कायद्यानुसार गुन्हा आहे. हवीच असेल तर रोपवाटिकेत वाढवलेली घ्या, आणि घेताना कुठे वाढवली ते स्पष्ट विचारा.

शेवटी एका मैत्रिणीचा प्रश्न, "तुरा केसांत माळला तर झाडाचं नुकसान होतं का?" तुमच्या अंगणातल्या झाडावरचा असेल तर खुशाल माळा. फक्त ओढू नका, ओढलं की सालीला धरलेली मुळं सुटतात. देठाशी कात्रीनं कापा, पुढच्या वर्षी नवा येईल. रानातल्या तुऱ्याला मात्र हात लावू नका, त्याला अजून शेंगा धरायच्या आहेत.